डाव्या हाताचे सूत

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून पाठवावे, असे मुख्याध्यापकांचे पत्र आले, तेव्हा स्नेहसंमेलने, सहली आणि बक्षिसे यांवर इतर माजी विद्यार्थी लिहितीलच, असे धरून मी सूतकताईच्या तासावर लिहायचे ठरवले. त्या तासाला मी वर्गात सर्वांत मागे होतो. आणि पुढे तीस वर्षे माझे पोट भरले ते मात्र मुलांना हाताने काम करायला शिकवून.

मी 1972 साली, दुष्काळाच्या वर्षी, पाचवीत आलो. नंतरच्या विद्यार्थ्यांना जो तास 'कार्यानुभव' म्हणून ठाऊक आहे, त्याला आमच्या वेळी सगळे 'उद्योगाचा तास' म्हणत. कोठारी आयोगाने 1964-66 मध्ये शिक्षणात कार्यानुभवाची शिफारस केली होती खरी, पण आमच्या शाळेतल्या टकळ्या, म्हणजे सूत कातायच्या छोट्या हातचात्या, त्याहून जुन्या, बुनियादी शिक्षणाच्या काळातल्या होत्या. वर्ध्याला 1937 मध्ये भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती सगळे शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. कागदावर ती योजना अतिशय सुंदर होती. तिच्यातला सर्वांत अवघड भाग, म्हणजे चाळीस मुलांच्या ऐंशी हातांना एकाच वेळी टकळी फिरवायला शिकवणे, हा मात्र आमच्या उद्योगाच्या गुरुजींवर येऊन पडला होता.

गुरुजी स्वतः उत्तम कातत. बोटे घसरू नयेत म्हणून चिमूटभर राख लावायची, टकळीला फिरकी द्यायची, पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, वर ओढायचा आणि पीळ बसला की सूत गुंडाळायचे, एवढेच ते सांगत; आणि त्यांच्या दृष्टीने ते खरोखर तेवढेच होते. पेळू किती घट्ट धरायचा, फिरकी मंदावते आहे हे बोटांना कसे कळते, ओढणे कोणत्या क्षणी थांबवायचे, हे त्यांनी आमच्यापासून लपवून ठेवले नव्हते. ते सगळे त्यांच्या हातात इतके मुरले होते की सांगण्यासारखे काही उरले आहे, हेच त्यांना जाणवत नसे. पहिल्याच दिवशी मुलांची सुते तुटू लागली, तेव्हा त्यांनी प्रत्येकाच्या टकळीवर सुरुवातीचे वीतभर सूत स्वतः काढून द्यायला सुरुवात केली. आठवडाभरात बहुतेकांचे जमू लागले.

माझे जमेना. गुरुजींनी लावून दिलेले सूत मी हातात घेतले की चार-दोन फेऱ्यांत ते सैल पडे, त्याचा पुन्हा कापूस होई आणि टकळी टणकन फरशीवर आदळे. मी डावखुरा. उजव्या हाताने लिहिण्याची सवय मला आधीच छडीने लावण्यात आली होती, पण टकळीच्या बाबतीत ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. 'लक्ष नाही', 'घाई करतो', 'पेळू सैल धरतो' अशी कारणे निघत गेली आणि मी ती सगळी मनापासून खरी मानली.

तिसऱ्या आठवड्यात गुरुजी माझ्यासमोर उभे न राहता शेजारी बस्करावर येऊन बसले. बराच वेळ काही न बोलता त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले आणि मग माझी टकळी घेऊन स्वतःच्या डाव्या हाताने फिरवून पाहिली. सूत तुटले. पुन्हा लावले, पुन्हा तुटले. वर्गात खसखस पिकली, पण त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. चौथ्या की पाचव्या खेपेला त्यांनी ते तुटके टोक खिडकीच्या उजेडात धरले आणि म्हणाले, "अरे, मी घातलेला पीळ तू उलगडतोयस!"

डाव्या हाताची फिरकी उलट्या दिशेने जाते, म्हणून पीळही उलटा बसतो. त्यांच्या सुतावर माझी फिरकी चढली की आधीचा पीळ निघून जाई, धागे एकमेकांना सोडत आणि टकळी खाली येई. म्हणजे मला मदत म्हणून दिले जाणारे ते वीतभर सूतच माझ्या आड येत होते. त्या दिवशी त्यांनी मला कोऱ्या टकळीवर, पेळूतले चार तंतू तिच्या खाचेत अडकवून, माझे मीच सूत सुरू करायला लावले. ते कुठे गांडुळासारखे जाड तर कुठे केसासारखे बारीक निघाले, पण तुटले नाही. गांधी जयंतीला वर्गाचे सूत जमा झाले, तेव्हा माझी छोटी लड त्यांनी वेगळी बांधली होती आणि तिच्यावर 'डावे' अशी चिठ्ठी होती.

पुढे मी आयटीआयमध्ये जोडारी, म्हणजे फिटर, शिकलो आणि तिथेच शिल्प निदेशक झालो. शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना 1950 पासूनची आहे आणि फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पण त्यातले पहिले काही आठवडे जवळजवळ कानस चालवण्यातच जातात. लोखंडाचा चौकोनी तुकडा सपाट घासणे हे ऐकायला अगदी क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात नवशिक्याचा हात झोके घेतो, त्यामुळे दोन्ही कडा जास्त घासल्या जातात आणि जॉब, म्हणजे घासायचा तो तुकडा, मधोमध फुगतो. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे हत्यार, लावून उजेडात धरला की दोन्ही बाजूंनी फट दिसते. कानस पुढे ढकलताना सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त लागतो आणि तो हळूहळू मुठीकडच्या हातावर यावा लागतो, हे मी फळ्यावर आकृती काढून समजावून सांगत असे. मुले माना डोलावत आणि पुन्हा फुगीरच घासत. दाबाचा विचार करता करता तर त्यांचे हात आणखी ताठत.

मग मी त्यांच्या हातातली कानस काढून घेई आणि दोन मिनिटांत सपाट करून दाखवी. पहिली दोन वर्षे मी हेच करत होतो, हे आज सांगायला लाज वाटते. उत्तम कारागीर तो उत्तम शिक्षक, असे नेमणुकीच्या वेळी सर्रास मानले जाते, ते मला पटत नाही. मी पाहिलेल्या सर्वांत कुशल फिटरच्या तोंडी मुलांसाठी "आण इकडे" याखेरीज दुसरे वाक्य नव्हते. आपला हात शिवशिवत असताना खिशात ठेवणे, हे कौशल्य कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

तिसऱ्या वर्षी मला गुरुजींचे ते बस्करावर येऊन बसणे आठवले. नव्या तुकडीसमोर मी कानशीची मूठ डाव्या हातात धरली आणि अर्धा तास घासले. जॉब फुगला. सोळाच्या सोळा मुलांनी गुण्या लावून खात्री करून घेतली आणि त्यांना मनस्वी आनंद झाला. पुढे दर वर्षी मी एकदा तरी असे करत आलो. (माझा उजवा हात कमावलेला आणि डावा जन्माचा, तरी कानशीपुरता डावाच नवशिका, ही गंमत मला नेहमी वाटे.) त्या अर्ध्या तासात मला कळे की आधी खांदा आखडतो, मग कोपर अंगापासून सुटतो, आणि दाबाचा प्रश्न त्याच्या बऱ्याच नंतर येतो. मग मी दाबाविषयी बोलणे सोडून दिले आणि मुलांच्या कोपरांकडे पाहू लागलो. एका ठेंगण्या मुलाला तर काहीच सांगावे लागले नाही. व्हाइसचे, म्हणजे जॉब घट्ट पकडून ठेवणाऱ्या साधनाचे, जबडे त्याच्या कोपराच्या वर येत होते. पायाखाली एक फळी टाकली आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या गुण्याखालची फट गेली.

शाळा सोडताना ती टकळी गुरुजींनी मला देऊन टाकली होती. महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी ती या लेखासोबत पाठवत आहे. तिच्यावर अजून थोडे सूत गुंडाळलेले आहे. कोणा विद्यार्थ्याला ते पुढे कातून पाहावेसे वाटलेच, तर त्याने टकळी डाव्या हाताने फिरवावी. नाहीतर ते उकलेल.