तीन गोळ्या म्हणजे सकाळ-दुपार-संध्याकाळ?

मेथोट्रेक्सेट मी दरवर्षी स्लाइडवरच शिकवायचे, फोलेटचं, म्हणजे पेशी वाढायला लागणाऱ्या एका बी-व्हिटॅमिनचं, काम अडवतं, संधिवातात आठवड्यातून एकदाच द्यायचं, पोरं लिहून घ्यायची आणि पेपरात बरोब्बर उतरवायची. पण इंटर्नशिपला असताना एक आजी बघितलेल्या, ह्याच गोळ्या रोज घेऊन आलेल्या, तोंड आतून सगळं सोललेलं, पाणी गिळता येईना, पांढऱ्या पेशी पार खाली. त्यावरचा उतारा, ल्युकोव्होरिन, दिलं, वाचल्या. चिठ्ठीवर डोस बरोबर होता, नीट सांगितलं कुणीच नव्हतं. त्या आजी अजून डोळ्यासमोर आहेत.

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात पेशंटला औषध समजावून सांगणं आलंय, म्हणून यंदा सेकंड इयरच्या प्रॅक्टिकलला प्रोजेक्टर बंद ठेवला आणि आमच्या डिपार्टमेंटच्या मावशींना पेशंट म्हणून बसवलं. बोटं दुखतात म्हणा आणि जे कळणार नाही ते विचारा, एवढंच त्यांना सांगितलेलं.

एका मुलीने छान लिहिलं, साडेसात मिलिग्रॅम, म्हणजे अडीचच्या तीन गोळ्या, आठवड्यातून एकदा. समजावलं पण. मावशी म्हणाल्या, "बरं, तीन म्हणजे सकाळ-दुपार-संध्याकाळ एकेक ना?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी मुद्दाम गप्प राहिले, आणि खरं सांगते, अशा वर्गात शिकवणाऱ्याला हेच सगळ्यात अवघड जातं.

मग पोरंच भिडली. वार ठरवून द्या, सोमवार. मावशी म्हणाल्या सोमवारी उपास असतो माझा. मंगळवार ठरला. सोबत द्यायच्या फॉलिक ॲसिडचं, म्हणजे फोलेटच्याच गोळीचं, निघालं तर एकाने दोन्ही स्ट्रिप शेजारी धरल्या, "मॅडम, दोन्ही गोळ्या पिवळ्याच आहेत!" मग फॉलिकची शुक्रवारी आणि पाकीट वेगळं. व्हायव्हाला कायम अडखळणारा एक मुलगा मागून म्हणाला, लघवीच्या इन्फेक्शनला दुसऱ्या कुणी को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक दिलं तर, तेही फोलेटच अडवतं ना? हे मी अजून शिकवलंही नव्हतं. "ओरल अल्सर झाले तर या," असं कुणीतरी सांगितलं, मावशींना कळेना, शेवटी एकीला सुचलं, "मावशी, तोंड आलं तर."

जाताना पहिल्या मुलीने विचारलं, आता तुम्ही सांगा कशा घेणार. मावशींनी बोटांवर मोजलं, "मंगळवारी तिन्ही एकदम, शुक्रवारी दुसरी पिवळी, बाकी दिवस काही नाही, आणि तोंड आलं तर पुढची गोळी न घेता सरळ इकडं यायचं."