मधल्याची बदली

मे महिना लागला की मराठवाड्यातल्या मास्तरांच्या घरी दोन शब्दांखेरीज तिसरं काही बोललं जात नाही. कार्यमुक्त आणि रुजू. देगलूरहून कार्यमुक्त, किनवटला रुजू. या दोन शब्दांच्या मध्ये गॅसची टाकी, पोरांचे दाखले, टेम्पोवाल्याशी घासाघीस आणि नव्या गावात नळाला पाणी कितव्या दिवशी येतं याची चौकशी, एवढं सगळं मावलेलं असतं. युरोपातल्या फुटबॉलची मॅच बघताना टीव्हीच्या तळाशी पट्टी सरकत असते, कोण कुठल्या क्लबातून कुठं गेला त्याची. आपल्याकडच्या माणसाला ती परकी वाटत नाही. आकडे कोटींचे असतात, एवढंच.

पण बदली सगळ्यांना सारखी जड जात नाही. गोलकीपर म्हणजे गणिताचा मास्तर, फळा बदलला तरी पाढे तेच. गोलपोस्ट जगभर ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. गोल मारणाऱ्या स्ट्रायकरलाही समोर तीच जाळी दिसते. मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीतला खेळाडू, मात्र शाळेतल्या लिपिकासारखा. कुठली किल्ली कुठल्या कपाटाची, कुणाचं बिल कुठं अडलं, कोणत्या सरांना सकाळी बोललेलं चालत नाही, हे ठाऊक असणं हीच त्याची विद्या. गाव बदललं की ती निम्मी तरी वाया जाते.

नव्या क्लबात मधल्याला काय काय शिकावं लागतं ते बघा. मागच्या बचावफळीतला सेंटर बॅक पास दणकून देतो की हळू सरकवतो. डावा बॅक पुढं धावतो तो मधल्यानं वर बघितल्यावर, की त्याच्या आधीच. पुढच्याला चेंडू पायात हवा की मोकळ्या जागेत, आणि पायात हवा तर कोणत्या. उजव्या पायाच्या खेळाडूला चेंडू अर्धा मीटर डावीकडं दिला तर त्याला एक टच जास्त घ्यावा लागतो आणि तेवढ्यात अंगावर माणूस येतो. बघणाऱ्याला ही चूक चेंडू घेणाऱ्याच्या नावावर दिसते, असते पास देणाऱ्याची. नव्या मिडफिल्डरच्या पहिल्या पाच-सात मॅच बिघडतात त्या बहुतेक इथं. पाय तेच असतात, ओळखी नसतात. आणि प्रेक्षक म्हणतात, पैसे पाण्यात गेले.

ओळखी होईपर्यंत मान उपयोगी पडते. चांगला मिडफिल्डर चेंडू येण्याआधीच्या काही सेकंदांत तीन-चार वेळा खांद्यावरून मागं बघून घेतो आणि अंग अर्धं वळवून उभा राहतो. एक खांदा पास देणाऱ्याकडं, दुसरा जिकडं जायचं तिकडं. पास देणाऱ्याकडं सरळ तोंड करून चेंडू घेतला की तो मागंच द्यावा लागतो. चेंडू आल्यावर बघायला लागणारा पोरगा कितीही कसबी असो, वरच्या पातळीवर त्याची अडचणच होते.

फिरस्त्या मधल्यांत क्लॅरेन्स सीडॉर्फचं सेवापुस्तक काढून बघण्यासारखं आहे. जन्म १९७६ चा, सुरीनामची राजधानी पारामारिबोतला. वाढला नेदरलँड्समधल्या आल्मेऱ्यात. सोळाव्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबाच्या मोठ्या संघात. १९९५ च्या मे महिन्यात व्हिएन्नात आयाक्सनं इटलीच्या एसी मिलानला १-० हरवून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली तेव्हा तो १९ वर्षांचा होता. त्याच उन्हाळ्यात इटलीत सॅम्पदोरियाकडं, वर्षभरात स्पेनमध्ये रेआल माद्रिदकडं. १९९८ ची चॅम्पियन्स लीगची फायनल रेआलनं जिंकली, युव्हेंटसविरुद्ध, तीही १-० नं. गंमत म्हणजे ती फायनल अ‍ॅमस्टरडॅममध्ये, आयाक्सच्या नव्या स्टेडियमात होती आणि समोरच्या संघात एडगर डेव्हिड्स, आयाक्सच्या मधल्या फळीतला त्याचाच जुना जोडीदार. जुन्या तालुक्याला पाहुणा म्हणून जावं आणि आपल्याच खुर्चीशेजारचा माणूस पलीकडच्या बाकावर बसलेला दिसावा, तसं.

२००० च्या सुरुवातीला तो माद्रिदहून मिलान शहरातल्या इंटर क्लबाकडं आला. हा क्लब त्याला लाभला नाही. मग २००२ मध्ये त्याच शहरातल्या एसी मिलाननं फ्रान्चेस्को कोको हा बॅक इंटरला देऊन त्याला घेतलं. इंटर आणि मिलान दोघांचं स्टेडियम एकच, सान सिरो. म्हणजे ही बदली एकाच तहसील कार्यालयात या टेबलावरून त्या टेबलावर. सरावाची मैदानं तेवढी वेगळी. इंटरचं आप्पियानो जेंतीलेला, मिलानचं मिलानेल्लोला. गवत तेच, गोलपोस्ट तेच, शिट्ट्या मारणारे बदलले. आणि त्या टेबलावर तो दहा वर्षं टिकला. २००३ ची चॅम्पियन्स लीग तिथं आली, २००७ ची आली. तीन वेगवेगळ्या क्लबांकडून हा चषक उचलणारा खेळाडू म्हणून त्याचं नाव घेतात ते यासाठी.

इंटरमध्ये जमलं नाही आणि मिलानमध्ये जमलं याचं कारण माझ्या मते एकच: शेजारी. प्रशिक्षक अँचेलोत्तीच्या मिलानमध्ये मागं पिर्लो चेंडू वाटायला, उजवीकडं गत्तुसो चेंडू हिसकायला आणि डावीकडं सीडॉर्फ. धावायचं काम एकाकडं, पहिला पास दुसऱ्याकडं. उरलेल्या जागेत चेंडू सांभाळून पुढं न्यायचं काम याच्याकडं, आणि तेच त्याचं अंगभूत काम. मिडफिल्डर विकत घेताना माणूस बघतात, त्याच्या दोन्ही बाजूला कोण उभं राहणार ते बघत नाहीत. हंगाम तिथंच हुकतो. २००७ च्या सेमीफायनलला भर पावसात मँचेस्टर युनायटेडला मिलाननं ३-० नं लोळवलं. त्यातला दुसरा गोल त्याचा. त्या मॅचमध्ये पाणी साचू पाहणाऱ्या गवतावर तो चेंडू ज्या निवांतपणे पायाखाली ठेवत होता, तो निवांतपणा पाच वर्षांच्या शेजारातून आलेला होता.

पेनल्टीचं मात्र त्याला वावडं. १९९६ च्या युरो स्पर्धेत, देशांच्या संघांच्या, फ्रान्सविरुद्ध त्याची पेनल्टी अडली आणि नेदरलँड्स घरी गेलं. २००३ च्या चॅम्पियन्स लीग फायनललाही युव्हेंटसचा गोलकीपर बुफॉननं त्याची अडवली. मिलान जिंकलं म्हणून ती कुणाच्या लक्षात राहिली नाही.

भाषेचं बघा. देगलूर-उदगीरकडचा माणूस मराठी, कानडी, तेलुगू आणि दख्खनी यांत बाजाराच्या दिवशी सहज इकडून तिकडं जातो. व्याकरण कुणी शिकवलेलं नसतं. सीडॉर्फला डच, इंग्रजी, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि सुरीनामची स्रानान तोंगो, एवढ्या भाषा येतात. मैदानावर त्यातले वीस-पंचवीस शब्द लागतात, पण ते झोपेतही कळायला हवेत. पाठीवर प्रतिस्पर्धी आला की इटलीत ओरडतात ‘उओमो’, म्हणजे माणूस. ब्राझीलमध्ये ओरडतात ‘लाद्रांव’, म्हणजे चोर. आपल्या पोरांचं ‘मागं, मागं’. हा शब्द कानातून पायात उतरायला अर्धा सेकंद लागला की चेंडू गेला. नव्या मिडफिल्डरनं पहिल्या आठवड्यात घर शोधायच्या आधी हे शब्द पाठ करावेत.

आता कागद. आपल्याकडं कार्यमुक्तीचा आदेश आल्याशिवाय रुजू होता येत नाही, तसंच तिकडं. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात जायचा तर जुन्या देशाच्या संघटनेनं नव्या संघटनेला आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र द्यावं लागतं. व्यवहार फिफाच्या संगणक प्रणालीतून होतो. दोन्ही क्लब आपापली माहिती भरतात आणि ती एकमेकांशी जुळावी लागते. रक्कम, हप्ते, तारखा, कशातही फरक पडला की गाडी अडते. आणि मुदत म्हणजे मुदत. २०१७ च्या ३१ ऑगस्टला एड्रियन सिल्वा हा पोर्तुगालचा मिडफिल्डर स्पोर्टिंग क्लबातून लेस्टरला निघाला. कागद पोहोचले १४ सेकंद उशिरा. पगार चालू, सराव चालू, पण १ जानेवारी २०१८ पर्यंत मॅच खेळता आली नाही. पीकविम्याच्या शेवटच्या रात्री सेतू केंद्रावर सर्व्हरचं चक्र फिरताना बघितलेल्या माणसाला ते १४ सेकंद समजावून सांगावे लागत नाहीत.

एका हंगामात फार तर तीन क्लबांकडं नोंदणी होते आणि अधिकृत मॅच त्यातल्या दोघांकडूनच खेळता येतात. ‘लोन’ म्हणजे आपली प्रतिनियुक्ती. सेवा एकीकडं, आस्थापना दुसरीकडं, पगाराचा वाटा करारात ठरेल तसा. प्रतिनियुक्तीवरच्या माणसाकडं दोन्ही कार्यालयं पाहुण्यासारखं बघतात, लोनवरच्या मिडफिल्डरचंही तेच होतं. येत्या मे महिन्यात जाणाऱ्याभोवती कुणी संघ बांधत नाही.

या सगळ्या बदल्या आजच्याएवढ्या सोप्या झाल्या त्याही एका मिडफिल्डरमुळेच. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमनचा लिएज क्लबाशी असलेला करार १९९० मध्ये संपला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं. करार संपूनही क्लबला सोडण्याचे पैसे हवे होते. ते जमेना, म्हणून त्याला तिथंच कमी पगारावर अडकवायचा प्रयत्न झाला. आपल्याकडं बदलीवरून लोक खंडपीठात जातात, तो लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. निकाल १५ डिसेंबर १९९५ ला लागला: करार संपला की युरोपीय संघातला खेळाडू मोकळा, क्लबनं पैसे मागायचे नाहीत. पुढच्याच उन्हाळ्यात डेव्हिड्स आयाक्सला एक पैसा न देता मिलानला गेला. आयाक्सचा तो सोन्यासारखा संघ दोन-तीन वर्षांत पांगला. खुद्द बोसमन तोवर एकतिशीत पोहोचला होता. विहीर खणणाऱ्याला पाणी मिळालं नाही, त्यातला प्रकार.

दसरा-दिवाळीनंतर बीडकडून कोयते निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परमुलखात पाचटाची खोपी. एजंट, आगाऊ रक्कम, हंगाम, शब्द जुळतात म्हणून फुटबॉलशी तुलना करायचा मोह होतो. ती एका ठिकाणी तुटते. मिडफिल्डरचा गुडघा गेला तर पगार चालू राहतो आणि शस्त्रक्रियेचा खर्च क्लब करतो. ऊसतोडीला एक दिवस आजारपणानं गेला तर खाडा लागतो, मजुरी जाते ती जातेच, वर दंड.

जमीन बदलते तो त्रास वेगळाच. हॉलंडातलं गवत आखूड आणि मॅचआधी पाणी मारलेलं, चेंडू साबणासारखा घसरतो. तिथं वाढलेला मिडफिल्डर उष्ण देशातल्या उंच, कोरड्या गवतावर पहिला महिना पास तोकडेच देतो. आपल्या काळ्या रानात तर एकाच मैदानाची दोन मैदानं होतात. श्रावणात बुटाला दोन-दोन किलो चिखल आणि चेंडू जिथं पडेल तिथंच बसतो, म्हणून जमिनीवरचा लांब पास नको, उचलून द्यावा. एप्रिलमध्ये तीच माती विटेसारखी कडक. भेगांमुळं चेंडू कुठंही उडतो, म्हणून पहिला टच तळव्यानं दाबून घ्यावा. नियमात चेंडूचा दाब ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फियर चालतो. कडक मैदानावर तो खालच्या बाजूला ठेवला तर उसळी आवरते. बुटांचंही तसंच. चिखलासाठी लांब खिळे ठीक, पण परभणीच्या उन्हाळ्यात तेच घालून पोरं खेळतात तेव्हा खिळा मातीत नीट रुतत नाही आणि भेगेत अडकला तर वळताना सुटतही नाही. पाय जागेवर, शरीर वळतं, आणि मधला गुडघा त्याची किंमत मोजतो. तिथं छोट्या, जास्त खिळ्यांचा साच्यात ओतलेला तळ किंवा टर्फचे, म्हणजे कृत्रिम गवतावरचे, बूटच बरे. मिडफिल्डर एका मॅचला दहा-अकरा किलोमीटर पळतो, त्यातलं वळणंच जास्त.

सीडॉर्फ ३६ व्या वर्षी रिओला बोटाफोगोकडं गेला, २०१३ ची तिथली राज्य स्पर्धा जिंकला. त्या वयात पळणं कमी करून आधी जाऊन उभं राहावं लागतं, म्हणजे पुन्हा मानच. २०१४ च्या जानेवारीत बूट ठेवले आणि मिलानमध्ये प्रशिक्षक म्हणून रुजू झाला. जूनमध्ये कार्यमुक्त.

फिरस्त्या खेळाडूचा एक फायदा मात्र त्याच्या पहिल्या गावाला होतो आणि तो आपल्याकडच्या क्लबांनी समजून घ्यावा. खेळाडू करार संपण्याआधी पैसे मोजून परदेशातल्या क्लबाकडं गेला की त्या रकमेतले ५ टक्के, वयाच्या १२ ते २३ या काळात त्याला ज्यांनी घडवलं त्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ च्या हंगामांसाठी वर्षाला पाव टक्का, १६ ते २३ साठी अर्धा. एक कोटीचा व्यवहार झाला तर बाराव्या वर्षी त्याला खेळवणाऱ्या क्लबला त्या एका वर्षाचे २५ हजार, सोळाव्या वर्षीच्याला ५० हजार. अशी बदली जितक्या वेळा, तितक्या वेळा. अट एकच: त्या वर्षी तो पोरगा तुमच्याकडं रीतसर नोंदलेला हवा. आपल्या देशात ही नोंद राष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत होते. त्यासाठी क्लब संघटनेशी संलग्न हवा, पोराचा जन्मदाखला हवा आणि हंगामागणिक नूतनीकरण हवं. इकडं पोरं वर्षानुवर्षं शाळेच्या मैदानावर खेळतात, जिल्हा स्पर्धेची प्रमाणपत्रं मिळवतात आणि या नोंदीत कुठंच नसतात. संलग्नतेचा अर्ज एकदा कुणीतरी भरलेला असतो. त्याची फाइल ऑफिसातल्या मधल्या कपाटात असते, आणि त्या कपाटाची किल्ली कुठं आहे हे ठाऊक असलेल्या क्रीडाशिक्षकाची मे महिन्यात बदली झालेली असते.