चिंगीची वही : आठवा हंगाम

आधी आकडे, कारण तुमच्यातले निम्मे जण आकडेच बघायला येता. आमच्या चिंगी घोडीची लांब पल्ल्याची शर्यत : ८० किलोमीटर, तीन फेऱ्या, ३०, ३० आणि २०. सुटलो सकाळी ६ वाजता. पहिल्या फेरीनंतर चौथ्या मिनिटाला चिंगीचा पल्स ५६, दुसरीनंतर सहाव्या मिनिटाला ६०. तिसरी फेरी झालीच नाही. का, ते ओघात येईलच.

नवीन मंडळींसाठी : आमच्या घरात घोड्यावर बसणारे दोघं, हे आणि आमची सानिका. मी कधीच बसत नाही. माझ्याकडे बादल्या, स्टेथोस्कोप आणि ही वही.

चिंगी २०१६ च्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून आली. मारवाडी, रंगाने कुमैत (अंग तांबूस, आयाळ-शेपूट काळी), दातांवरून चार वर्षांची. आमच्या आप्पांनी आधी अंगावरच्या केसांचे भोवरे पाहिले, मग खूर. यांना फक्त चाल दिसली. व्यापाऱ्यानं रवाल चालीत दाखवली, म्हणे पाठीवर पाण्याचा पेला ठेवा, थेंब सांडणार नाही. त्या पेल्यापायी भाव किती चढला ते लिहीत नाही, आप्पा ही वही वाचतात.

पुढं त्याच चालीनं आम्हाला घाम फोडला. २०१८ ची पहिली ४० किलोमीटरची शर्यत. पल्स ६२ भरला, मर्यादा ६४ ची, मी खूश. मग घोडे तपासणारे डॉक्टर म्हणाले, दुडकीत पळवून दाखवा. पळवली, तर बाईसाहेब रवाल निघाल्या. परत पळवली, परत रवाल. दुडकीत तिरके दोन पाय एकदम टेकतात, त्यामुळे कुठला पाय दुखत असेल तर मान लगेच खालीवर होते आणि लंगड कळते. रवालमध्ये प्रत्येक पाय वेगळा पडतो, आणि लंगड असली तरी त्यात बेमालूम लपते. तीन वेळा पळवूनही डॉक्टरांची खात्री पटेना, मग बाद. हे गाडीत बसून घरापर्यंत बोलले नाहीत. डॉक्टरांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. न दिसणाऱ्या पायाला ते पास कसं म्हणणार?

उपाय आप्पांनी काढला. अंगणात बांबू टाकले, चार-चार फुटांवर सहा. त्यांच्यावरून जायचं तर घोड्याला पाय उचलून टाकावा लागतो, रवाल मोडते आणि दुडकी आपोआप येते. सानिका तेव्हा नऊ वर्षांची. रोज संध्याकाळी दोर धरून तीच चिंगीशेजारून पळायची. दोन महिन्यांनी बांबू उचलले, तरी तिनं जीभ टाळूला लावून ‘टक’ केलं की चिंगी दुडकीवर यायची. आजही त्या ‘टक’वर येते. माझ्या ‘टक’वर येत नाही.

पल्सचं माझं शिक्षण मात्र वहीनं केलं. तंदुरुस्त घोडा विसाव्याला तीस-चाळीसच्या मध्ये असतो, हे पुस्तकी झालं. कामाची चाचणी अशी : पल्स मोजा, घड्याळ लावा, ४० मीटर पळवत न्या आणि आणा, घड्याळ सुरू केल्यापासून बरोबर एका मिनिटाला परत मोजा. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा खाली असला तर चांगलं. चारनं किंवा जास्त वर गेला तर घोडा आतून थकलाय, वरून कितीही कान टवकारू दे. नीरा डाव्या कालव्याच्या रस्त्यावर आम्ही दर पंधरवड्याला हे करतो. उसाच्या ट्रॉल्यांचा हंगाम सुरू झाला की उजाडायच्या आधी उरकावं लागतं.

दुसरं शिक्षण मिठाचं. घोड्याचा घाम आपल्यापेक्षा कितीतरी खारट. पाण्याबरोबर मीठही निघून जातं, त्यामुळे रक्त दाट झाल्याची वर्दी मेंदूला मिळत नाही आणि सुकत चाललेला घोडा बादलीकडे बघतसुद्धा नाही. २०१९ मध्ये चिंगीनं पहिल्या थांब्यावर पाण्याला तोंड लावलं नाही तेव्हा मला वाटलं, तहान नसेल. आता ती आदल्या रात्रीपासून कोंड्यात मीठ खाते, आणि वाटेत साधं मीठ नि पोटॅशियमवालं मीठ गुळाच्या पाण्यात कालवून सिरिंजनं तोंडात. पण आधी ती पाणी प्यायलेली असली तरच. सुकलेल्या घोड्याला नुसतं मीठ पाजणं म्हणजे आगीत तेल.

तिसरं शिक्षण यांचं, आणि त्याला सगळ्यात जास्त वर्षं लागली : शेवटच्या किलोमीटरला उतरून, तंग (खोगिराचा पोटपट्टा) सैल करून पायी चालायचं. मागचे दोघं पुढं गेले तरी चालायचं. त्यानंतरच्या तीन हंगामांत लागोपाठ चिंगीला बेस्ट कंडिशनचा, म्हणजे सर्वांत ताज्या घोड्याचा, चषक मिळाला. पहिला नंबर एकदाही नाही. लोक तिला चॅम्पियन म्हणतात ते त्या चषकांवरून. कॅलिफोर्नियातल्या टेव्हिसमध्ये, १९५५ पासून चालत आलेल्या १०० मैलांच्या त्या शर्यतीत, पहिल्या दहांतल्या सर्वांत ताज्या घोड्याला वेगळा हॅगिन कप देतात. सानिकाला पहिल्या नंबरापेक्षा तोच आवडतो. २०२३ मध्ये केरळच्या निदा अंजुमनं फ्रान्सला ज्युनिअर जागतिक स्पर्धेत १२० किलोमीटर पूर्ण केले, त्यानंतर आमच्या पोरीचं तोंडच थांबलं नव्हतं.

तर मागचा रविवार. सानिकाचे पहिले ८० किलोमीटर, आणि चिंगीचेही. चिंगीचं वय तेरा. दुसऱ्या फेरीनंतर डॉक्टरांनी पास केलं, ‘टक’वर सरळ दुडकीत पळाली, मिनिटानं पल्सही उतरलेला. ४० मिनिटांचा थांबा. मी मानेवर पाणी ओतत होते आणि सानिका पुढच्या उजव्या पायाशी बसून राहिली होती. खुराच्या वर, मागच्या बाजूला बोट ठेवून. खुरात दुखत असलं की तिथली नाडी जोरात उडते.

“बाबा, इथं ठोका लागतोय. डाव्याला नाही.”

“डॉक्टरांनी पास केलंय ना?”

“सरळ रेषेत पळवलं म्हणून. मघाशी उजवीकडे वळताना ती मान टाकत होती.”

हे काही बोलले नाहीत. पुढच्या फेरीसाठी भरलेली पाण्याची बाटली त्यांनी स्वतःच पिऊन टाकली. सानिकानं खोगीर उतरवलं आणि जाऊन नंबराचं जाकीट परत देऊन आली.

सोमवारी नालबंदानं नाल काढली. तळव्यात, पुतळीच्या (खुराखालचा मऊ त्रिकोणी भाग) कडेला, रुपयाएवढा लालसर डाग. मुरमातला खडा. तिथं दाबल्यावर चिंगीनं पाय हिसकावून घेतला. म्हणजे वीस किलोमीटर त्याच्यावर टाकले असते.

आज चौथा दिवस. सकाळचा पल्स ३४, खुरातली धग गेलीय, एप्सम सॉल्ट आणि कोंड्याचा लेप चालू आहे. लेपावरची फडकी आप्पा बदलतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. नाल दहा दिवसांनी, या वेळी चामड्याचं पॅड घालून. मुरमावर पॅड वापरणारं कुणी असेल तर सांगा, आत बारीक खडी शिरू नये म्हणून काय भरता?