सातव्या खेपेला लागलेलं दही

कोल्हापुरात राहून दूध सोडायचं म्हणजे पंढरपुरात राहून आषाढीला घरात बसण्यातला प्रकार. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. अण्णांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी तिथं जायचो आणि ओठावर पांढरी मिशी घेऊन परत यायचो. त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर मी "दूध बंद" म्हणालो तेव्हा घरातल्यांना आधी वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असणार.

डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं. गावाकडे चुलतभावाच्या गोठ्यात म्हैस व्यायली होती, नर रेडकू झालं होतं. पुढच्या रविवारी गेलो तर दावं मोकळं. विचारलं तर "गेलं" एवढंच उत्तर. भाऊ वाईट माणूस नाही, पण नर रेडकाला दूध पाजून त्याला परवडत नाही, हिशेब सरळ आहे. तो हिशेब माझ्या डोक्यातून जाईना. त्यावर इथं जास्त लिहीत नाही, कारण लिहायचंय ते दह्याबद्दल.

मांस-अंडी आमच्यात नव्हतीच. अण्णा माळकरी. ते म्हणाले, "मी माळ घातली तवा तुझी आजी म्हैनाभर माझ्याशी बोलली न्हवती. तुझं बरं चाललंय." बायकोनं शांतपणे सांगितलं, "तुमचं खूळ, तुम्हीच शिजवा." दिवाळीचा फराळ संपला आणि मी ओट्यापाशी उभा राहिलो.

स्वयंपाकाचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यातच कळलं, आपलं निम्म्याहून जास्त जेवण आधीपासूनच बिनदुधाचं आहे. ज्वारीची भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, भरलं वांगं, खर्डा, आमटी, कांदेपोहे, भडंग. उपवासाला भगर आणि दाण्याची आमटी. सोलकढी तर नारळाच्या दुधाचीच. वरणभातावर तुपाऐवजी घाण्याच्या शेंगतेलात लसणाची खरपूस फोडणी घातली की काम भागतं. "भागतं" म्हणतोय, "तुपासारखंच लागतं" असं म्हणणारे लोक मला खोटारडे वाटतात. शिरा तेलात होतो, पोळी तेलावर होते. पुरणपोळीबरोबर दुधाऐवजी नारळाचं दूध घालून गुळवणी केली. ती मात्र खरंच आधीपेक्षा चांगली झाली आणि आईनंही दोनदा वाढून घेतली.

चहाला दोन आठवडे गेले. सोयाचं दूध उकळत्या चहात ओतलं की फाटतं, वर कण तरंगतात. पाच-सहा कप मोरीत गेल्यावर मी आलं आणि गूळ घालून कोरा चहा सुरू केला. आता तोच लागतो, विषय संपला.

दही मात्र संपेना. माझं जेवण शेवटच्या दहीभाताशिवाय पुरं होत नाही. पन्नास पदार्थ सोडा म्हटलं असतं तर सोडले असते, पण पानात शेवटचा तो पांढरा घास नसला की मी रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात डबे उघडत फिरायचो.

पहिली खेप नारळाच्या दुधाची. घरात नारळ होते म्हणून केली, डोकं चालवलं नव्हतं. सकाळी पाहतो तर थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते तसा वर जाड थर आणि खाली आंबूस पाणी. नारळाच्या दुधात चरबी भरपूर, प्रथिनं अगदी थोडी, त्यामुळे धरायला काही नसतंच. हे मला पुढं वाचून कळलं, पण आधी तीन नारळ गेले.

मग विरजणाचा प्रश्न. दही लावायला दही लागतं आणि घरात जे दही आहे ते म्हशीचं. आई म्हणाली, "एक चमचाच तर लागतंय. त्यानं काय बाटणार हाईस व्हय?" तिचं बरोबर होतं. पुष्कळ लोक पहिल्या वेळेला एक चमचा घेतात आणि पुढं आपल्याच दह्याचं विरजण चालवतात. पण मी त्या दिवसांत नुकती माळ घातलेल्या माणसासारखा कडक होतो. नाही म्हणजे नाही. त्या एका हट्टापायी माझे दोन महिने गेले. तुम्ही माझ्याइतके आडमुठे नसाल तर पुढचा निम्मा मजकूर सोडून दिलात तरी चालेल.

कुणीतरी सांगितलं, पोटासाठी जंतूंच्या कॅप्सूल मिळतात, त्या फोडून घाल. औषधाच्या दुकानात उभं राहून मी चष्मा वर करून पाकिटं वाचत बसलो. एकात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. दुसऱ्यात लॅक्टोज नाही, पण कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून आलेलं. तिसऱ्या पाकिटाला दुकानदार म्हणाला, "साहेब, नक्की होतंय काय तुम्हाला? जुलाब?" मी म्हणालो, "नाही, दही लावायचंय." मागं रांगेतल्या बाईनं माझ्याकडे असं काही पाहिलं की मी पाकीट तिथंच ठेवून बाहेर पडलो.

दुसरी खेप: सोयाच्या दुधात लिंबू. काय होणार, ते फुटलं. कापडात बांधलं असतं तर निदान टोफू झालं असतं, मी रागानं ओतून दिलं. आंबट घातलं म्हणजे दही लागत नाही, आंबवणारे जंतू लागतात, एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही.

तेव्हा मिरचीच्या देठांचं कळलं. हिरव्या मिरच्यांच्या देठांवर दही लावणारे जंतू असतात. विरजण नसलं की देठासकट मिरची दुधात टाकून दही लावायची रीत आपल्याकडे आहेच. आईलाही ती ठाऊक होती. "मग आधी का नाही सांगितलंस?" म्हटल्यावर ती म्हणाली, "तू कुठं इचारलंस? तू आपला फोनात बघत हुतास."

तिसऱ्या खेपेला शेंगदाण्याचं दूध काढलं आणि मिरच्या मिठाच्या पाण्यात चांगल्या चोळून धुतल्या. स्वच्छतेची हौस. देठांवरचे जंतूही धुवून गेले असावेत. चोवीस तासांनी दूध होतं तसंच, फक्त वास बदललेला.

चौथ्या खेपेला दूध गरम असतानाच मिरच्या टाकल्या. हिरवे देठ डोळ्यांदेखत तपकिरी पडले, तेव्हाच समजायला हवं होतं. तरी रात्रभर आशेनं ठेवलं.

पाचवी डिसेंबरातली. कोल्हापूरची थंडी बोचरी, आमचा ओटा उत्तरेच्या भिंतीला. चौदा तासांत मी नऊ वेळा झाकण उघडलं. बायकोनं मोजलं होतं. शेवटी ती म्हणाली, "अहो, अंडी उबवताय का?" गार जागा आणि दर तासाला वारा, दही लागणार कसं?

सहाव्या खेपेला ते थोडं धरलं, पण एक मिरची मधून चिरलेली होती आणि दही तिखटजाळ झालं. "शेवटी कोल्हापुरीच," म्हणत मुलानं ते मिसळीत घालून खाल्लं. (मिसळ हॉटेलात खात असाल तर रस्सा ठीक असतो, ब्रेडचं तेवढं विचारा. काही ब्रेडमध्ये दुधाची पावडर असते.)

सातवी खेप जानेवारीच्या मध्यावरची, आणि ती नीट सांगतो. एक वाटी कच्चे शेंगदाणे, भाजलेले नव्हेत, भाजलेल्यांचं दूध तांबूस होतं आणि कुटाचा वास मारतं. रात्रभर भिजवले. खवट किंवा बुरशीचा डाग असलेला एकेक दाणा वेचून काढला, शेंगदाण्याच्या बुरशीतलं विष उकळल्यानं जात नाही. सालं चोळून काढली. हे कंटाळवाणं आहे, पण सालं राहिली की दही कडवट होतं. अडीच वाटी पाण्यात बारीक वाटलं, फडक्यातून पिळलं. तीन वाटी पाणी घालायचा मोह होतो, घालू नका. मग जाड बुडाच्या पातेल्यात उकळलं, हात न थांबवता. हे दूध म्हशीच्या दुधापेक्षा लबाड, फेस एकदम वर येतो आणि बुडाला लागतं ते वेगळंच. उकळी आल्यावर मंद आचेवर सात-आठ मिनिटं.

नंतर थांबायचं, आणि तेच मला जमत नव्हतं. करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे, चटका बसता कामा नये, गारही लागता कामा नये. बाजारातून त्याच दिवशी आणलेल्या, फ्रीजचं तोंड न पाहिलेल्या आठ मिरच्या साध्या पाण्यातून नुसत्या बुचकळून कोरड्या केल्या. देठ हिरव्या टोपीसकट खुडले, मिरचीचं अंग तोडू दिलं नाही आणि ते दुधात पूर्ण बुडवले. वर राहिलेल्या देठावर बुरशी धरते. भांडं कॅसरोलमध्ये, कॅसरोल आईच्या जुन्या शालीत आणि ते गाठोडं धान्याच्या कोठीत, ज्वारीच्या पोत्यांमध्ये. बायकोनं कोठीची किल्ली स्वतःकडे ठेवली.

सकाळी सात वाजता कोठी उघडली. भांडं तिरकं केलं, पांढरा पृष्ठभाग जागचा हलला नाही. चमच्यानं काढलं तर कडेनं स्वच्छ खाच पडली आणि खाचेत हळूहळू पाणी जमलं. आंबट वास, दह्याचाच. मी ते भांडं हातात घेऊन घरभर फिरलो. अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी बोट लावून चाटलं आणि म्हणाले, "दही न्हवं हे. पर वाईट न्हाई."

खरं तर ती पहिली वेळ खाण्यासाठी नसतेच, देठांची हलकी चव असते. त्यातला चमचाभर पुढच्या दुधाला विरजण लावायचा, ते दुसरं दही बरंच सुधारतं आणि तिसऱ्यापासून मिरची आठवतही नाही. वर गुलाबी, काळं किंवा लव आलेलं दिसलं तर वरचं काढून खाली चांगलं असेल असा विचार न करता सगळं फेकायचं. गायीम्हशीच्या दुधात केसिन नावाचं प्रथिन असतं, आंबटपणा वाढला की ते घट्ट जाळं धरतं. शेंगदाण्यात ते नाही, म्हणून हे दही मऊच राहणार आणि पाणी सोडणार. कवडी दही मागू नका. आठ-दहा काजू वाटताना घातले तर दाट होतं. फोडणीच्या दहीभाताला ते पुरतं, कोशिंबिरीत दाण्याच्या कुटाबरोबर कळतही नाही, आणि मठ्ठा तर हिंग-जिरं-आल्याचा असा होतो की बायको आता मागून घेते. कढीला बेसन एरवीपेक्षा अर्धा चमचा जास्त घाला, नाहीतर उकळताना फुटते.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. एक, बी-१२. ते जंतू तयार करतात, भाजीपाल्यात भरवशाचं मिळत नाही. सुरू करण्याआधी रक्त तपासा आणि डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, "आपले पूर्वज कुठं गोळ्या घेत होते" हे ऐकत बसू नका. माझं १६४ आलं होतं, म्हणजे कमीच, आणि ते रोज दोन ग्लास म्हशीचं दूध पीत असताना. त्या आकड्यामुळं घरातली निम्मी भांडणं वाचली, कारण "दूध सोडलंस म्हणून अशक्तपणा" हे वाक्य कुणाला म्हणता आलं नाही.

दुसरं, हिरवा ठिपका पाहून फसू नका. तो शाकाहाराचा आहे, त्यात दूध आणि मध दोन्ही बसतात. वीगन, म्हणजे दूध-मधासकट प्राण्यांचं काहीच नसलेल्या पदार्थांसाठी एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेचं) चिन्ह वेगळं आहे, हिरवा व्ही आणि त्यावर पान. त्याचे नियम २०२२ मध्ये आले, पण दुकानातल्या बहुतेक मालावर ते अजून दिसत नाही. बारीक अक्षरांची सगळी यादी वाचायच्या आधी तिच्या खालची ॲलर्जीची ओळ वाचा, दूध असेल तर तिथं लिहिलेलं असतं. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट हे सगळं दूधच. मी चार महिने खात होतो ती मसाला चिप्स त्यात निघाली.

उन्हाळ्यात हेच दही पाच तासांत लागतं आणि सहाव्या तासाला आंबटढाण होतं, तेव्हा रात्री लावू नका. पाडव्याला श्रीखंडासाठी चक्का टांगला होता. रात्रभर टांगून सकाळी फडक्यात मूठभर राहिला, तोही पिठूळ. ते अजून जमलेलं नाही. पिळून उरलेला शेंगदाण्याचा चोथा मात्र टाकू नका, थालीपिठाच्या भाजणीत मुरवा, आणि दूध गाळायचं फडकं लगेच गार पाण्यात धुवा. मी एकदा रात्रभर तसंच ठेवलं होतं, ते शेवटी सायकल पुसायला गेलं.