पोस्टर गेलेला अंक

टी.वाय.ला असताना, २०१४ साली, आम्हाला एक प्रोजेक्ट होता. संगीताला वाहिलेलं एखादं मासिक किंवा साप्ताहिक घ्यायचं, त्याच्या मांडणीचं विश्लेषण करायचं आणि तो अंक कोणासाठी काढलाय ते सिद्ध करायचं. 'सिद्ध करायचं' हा मॅडमचा शब्द. बाकी सगळं आम्ही लिहून घेतलं, तेवढा मात्र कोणाच्याच वहीत उतरला नाही.

वर्गातल्या बहुतेकांनी 'रोलिंग स्टोन'ची भारतीय आवृत्ती धरली. ती २००८पासून निघत होती आणि मिळायला सोपी होती. मला 'रॉक स्ट्रीट जर्नल' करायचं होतं. १९९३ साली अलाहाबादेतून कोणी रॉकचं इंग्रजी मासिक काढतो, हीच मला नवलाची गोष्ट वाटायची. पण अमित सैगल यांनी काढलेल्या त्या मासिकाचे जुने अंक काही मिळेनात. शेवटी फाउंटनच्या फुटपाथवर गेले आणि 'केरँग!' आणि 'मोजो' अशा दोन ब्रिटिश नियतकालिकांचे जुने अंक घेऊन आले. एक चाळीस रुपयांना, दुसरा साठला.

परतीच्या डोंबिवली फास्टमध्ये बसायला मिळालं म्हणून अंक उघडले, तर 'केरँग!'ची मधली पानंच नव्हती. पिना होत्या, पिनांत कागदाचे दोन बारीक कपटे अडकले होते, आणि कव्हरवर मात्र ठळक अक्षरांत आत पोस्टर असल्याची जाहिरात. 'मोजो'च्या कव्हरवर सीडी फुकट, आणि सीडीच्या जागी वाळलेल्या गोंदाचा डाग. दुसऱ्या दिवशी जाऊन भांडले. विक्रेता शांतपणे म्हणाला, "मॅडम, चालीस रुपये में पोस्टर भी चाहिए?" उत्तर सुचलं नाही. परत आले.

पहिला खर्डा मी दोन रात्रींत लिहिला. काळा रंग म्हणजे बंड, लाल म्हणजे राग, पिवळा म्हणजे ऊर्जा. फुटलेल्या काचेसारखी अक्षरं म्हणजे व्यवस्थेविरुद्धचा असंतोष. आणि शेवटी: 'वाचकवर्ग – १६ ते २४ वयोगटातील, रॉक संगीताची आवड असलेले, बंडखोर वृत्तीचे, एबीसी-वन गटातील तरुण.' स्वतःवर खूश होते.

मॅडमनी लाल पेनने एकच रेघ मारली, वरपासून खालपर्यंत. "लाल म्हणजे राग? मग आपल्या लग्नपत्रिका काय रागावलेल्या असतात?" वर्ग हसला. मग त्यांनी एबीसी-वनला गोल केला आणि विचारलं, "हे काय असतं?" मी ते एका ब्रिटिश विद्यार्थ्याच्या नमुना उत्तरातून जसंच्या तसं उचललं होतं. "आणि तुझं घर यात कुठे बसतं?" ते तर मुळीच माहीत नव्हतं.

म्हणून आधी तेच शोधलं. ब्रिटनमधल्या नॅशनल रीडरशिप सर्व्हेने रूढ केलेली ही वर्गवारी आहे. ए, बी, सी-वन, सी-टू, डी, ई असे सहा गट; एबीसी-वन म्हणजे त्यातले वरचे तीन. घरातला मुख्य कमावता माणूस काय काम करतो त्यावरून सगळ्या घराचा गट ठरतो. म्हणजे 'केरँग!' घेणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला मी ज्या गटात टाकलं होतं, तो त्याच्या बापाच्या नोकरीचा गट होता. बापाला बहुधा हा आवाज सहनही होत नसेल.

आपल्याकडची पद्धत वेगळी. २०११पासून इथे मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि घरात ठरलेल्या अकरा गोष्टींपैकी किती आहेत, यावरून तेव्हा वर्ग काढत. वीज, छताचा पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, गाडी, एसी आणि शेतजमीन. मी जेवताना यादी वाचत होते आणि बाबा मान हलवत होते. शेतजमिनीला अडलं. "राजापूरची काकाच्या नावावर आहे, ती धरू नकोस." तोपर्यंत गप्प असलेली आई म्हणाली, "आणि तंबोरा?" तंबोरा यादीत नव्हता. पेटीही नव्हती. आई गांधर्वची विशारद, घरातली सगळ्यात महाग वस्तू तिचा मिरजेचा तंबोरा. "मग कसली यादी ही," असं म्हणून ती ताटं उचलायला लागली.

माझ्या प्रोजेक्टला खरी दिशा इथे मिळाली, पण ते कळायला अजून आठवडा जायचा होता.

बाबा चर्नी रोडच्या सरकारी मुद्रणालयात बाइंडर होते. त्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा, पण छापलेली कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी उलटी धरून कण्याकडे बघणार. रविवारी त्यांनी दोन्ही अंक उचलले. 'केरँग!' उघडून म्हणाले, "सेंटर पिन. आठवड्याचं आहे का?" मी हो म्हटलं. "मग बरोबर. हे ठेवायला केलेलंच नाही." मग पिनांमधले कपटे नखाने काढत त्यांनी मला जे सांगितलं, ते मी वहीत लिहून घेतलं. सेंटर पिनच्या अंकात प्रत्येक पानाचा जोडीदार पलीकडच्या बाजूला असतो. पाचवं पान फाडलंस तर त्याचा जोडीदार सुटून लोंबकळतो. फक्त मधला ताव असा, की पिना वाकवून तो अख्खा काढला तरी बाकीच्या अंकाला काही होत नाही. शिवाय तो सपाट उघडतो, मधे कणा येत नाही. "म्हणून पोस्टर तिथे घालतात. काढण्यासाठीच घालतात. ज्याने काढलं त्याने बरोबरच केलं."

'मोजो'ला चौकोनी कणा होता, कण्यावर नाव आणि महिना. परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पिना नाहीत, पानं सरळ गोंदात. "हे कपाटात उभं राहणार. हा माणूस अंक साठवतो."

मी फुटपाथवर ज्यावरून भांडले होते तीच दोन छिद्रं माझा पुरावा होती. दोन अंक, दोन्हींतून एकेक गोष्ट आधीच्या मालकाने काढून घेतलेली. एकाने भिंतीवर लावायला चित्र, दुसऱ्याने ऐकायला सीडी. कव्हरवरच्या रंगाने वाचक कोण ते मला कधीच कळलं नसतं.

मग सगळं नव्याने बघायला घेतलं. 'केरँग!' १९८१च्या जूनमध्ये निघालं, 'साउंड्स' नावाच्या साप्ताहिकाची हेवी मेटलवरची विशेष पुरवणी म्हणून. पहिल्या कव्हरवर एसी/डीसीचा गिटारवादक अँगस यंग होता. नावाला अर्थ नाही; इलेक्ट्रिक गिटारच्या तारांवर जोरात हात मारला की जो आवाज होतो, तो तसाच अक्षरात लिहिलाय, पुढे उद्गारचिन्ह. आपल्याकडे खणखणाट, झणझणाट असे कितीतरी शब्द आहेत, पण कोणी मासिकाचं नाव तसं ठेवल्याचं मला आठवत नाही. अक्षरांना तडे गेलेत ते त्या आवाजाने. माझा 'व्यवस्थेविरुद्धचा असंतोष' मी मुकाट्याने खोडला.

माझ्या अंकाचं कव्हर म्हणजे गावच्या जत्रेचा फलक. तिरक्या पट्ट्या, उद्गारचिन्हं, खाली चार-पाच बँडचे छोटे चेहरे, आणि मुख्य गायकाचं डोकं थेट साप्ताहिकाच्या नावावर चढलेलं. डिझाइनच्या तासाला आम्हाला शिकवलं होतं की मोकळी जागा चांगली आणि गर्दी वाईट. त्या हिशोबाने हे कव्हर नापास. पण ज्या मुलाकडे आठवड्याला ठरावीक पॉकेटमनी आहे आणि ज्याला दर आठवड्याला नव्याने पटवायचंय, त्याच्यासाठी कव्हरवरचा प्रत्येक चेहरा हे अंक घेण्याचं आणखी एक कारण आहे. एक नाही आवडला तर दुसरा. गर्दी हा तिथे माल आहे. आणि नाव डोक्याने झाकलं तरी चालतं, कारण घेणारा त्या तडे गेलेल्या अक्षरांचा एक कोपरा बघूनही ओळखतो. नवीन मासिकाला ही चैन परवडत नाही.

'मोजो' १९९३चं. माझ्या अंकावर एकच मोठा चेहरा, एकच मोठं नाव, बाकी सगळं लहान. आत एकेक लेख पानंच्या पानं चालतो, अक्षर बारीक. हा वाचक घाईत नाही. 'मोजो'ची वंशावळ शोधताना 'क्यू' सापडलं, आणि तिथे मी जरा जास्तच रमले. ते १९८६ साली मार्क एलन आणि डेव्हिड हेपवर्थ यांनी सुरू केलं. तेव्हा सीडी नवीन होती. ज्यांनी तरुणपणी एलपी घेतल्या, ते लोक आता हातात पैसा असल्यामुळे तीच गाणी पुन्हा सीडीवर घेत होते, आणि संगीताची साप्ताहिकं त्यांच्याशी बोलतच नव्हती. म्हणजे वाचक आधी होता, त्याच्यासाठी मासिक नंतर आलं. 'क्यू'चं नाव लाल चौकोनात, डाव्या कोपऱ्यात. तिकडच्या दुकानांत अंक एकावर एक सरकवून ठेवतात, दिसते ती डावी कड. आपल्या स्टेशनवरच्या स्टॉलला अंक दोरीला चिमट्याने टांगतात, तिथे हा कोपरा असा कामाला आलाच नसता. (२०२० साली 'क्यू' बंद पडलं. 'केरँग!'चं साप्ताहिक छापणंही त्याच वर्षी थांबलं. प्रोजेक्ट करताना मला ही सगळी कायमची वाटली होती.)

कव्हरनंतर मी जाहिरातींची पानं बघायला घेतली. एकात बँडचे टी-शर्ट, हुडी आणि दौऱ्यांच्या तारखा: मँचेस्टर, ग्लासगो, वुल्व्हरहॅम्प्टन. दुसऱ्यात जुन्या रेकॉर्डच्या नव्या आवृत्त्या, जाडजूड बॉक्स सेट, स्पीकर. संपादक कव्हरवर काहीही म्हणो, पैसे देणाऱ्याला वाचक कोण ते माहीत असतंच. मॅडमना दाखवलं तेव्हा त्या पहिल्यांदा खुर्चीत पुढे झुकल्या. "आता हे सांग, हा अंक कोणासाठी नाही?"

उत्तर समोरच बसलं होतं. वुल्व्हरहॅम्प्टनच्या तिकिटाचा मला उपयोग नव्हता, हुडी डोंबिवलीच्या उकाड्यात घालता आली नसती, आणि अंकावरची पौंडातली किंमत मी कधी भरलीच नव्हती. शिवाय माझ्या हातात आला तेव्हा अंक सात महिने शिळा. तरी मी तो शेवटपर्यंत वाचला, दोनदा. शेवटचा भाग मी त्यावरच लिहिला: नियतकालिक ज्याला धरून चालतं तो वाचक आणि ज्याच्या हातात ते शेवटी पोचतं तो वाचक, यांच्यात समुद्र असू शकतो. ब्लमलर आणि कॅट्झ या माध्यम-अभ्यासकांची १९७४ची मांडणी जोडावी लागली, कारण सिद्धांताशिवाय गुण देत नसत. ती चार ओळींत उरकली. माणसं माध्यमाकडून आपल्याला हवं ते घेतात, असं काहीसं. ज्याने पोस्टर काढलं त्याला हे न वाचता ठाऊक होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. त्यांनी फाटका अंक हातात घेऊन विचारलं, "चांगली प्रत नाही मिळाली?" घरी पाठ केलेलं सगळं विसरले. मग पिना दाखवल्या आणि बाबांनी सांगितलं होतं तसंच सांगितलं, जोडीदार पानापासून. "हे कोणी शिकवलं?" "बाबांनी. ते बाइंडर आहेत." २५ पैकी १९ मिळाले. सहा संदर्भसूचीत गेले, बाबांचं नाव कुठल्या शैलीत लिहायचं ते कळलं नव्हतं.

घरी आईकडे 'संगीत कला विहार'चे जुने अंक आहेत, मिरजेहून येणारे. बाबांनी त्यांची वर्षावार जुजबंदी, म्हणजे दोऱ्याने शिवून बांधणी केलीय, पुठ्ठ्याला कापडी कणा, आत हाताने लिहिलेली अनुक्रमणिका. निकालानंतर एका संध्याकाळी ते दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन बसले होते, समोर माझा 'केरँग!'. पिना काढून झाल्या होत्या.

"याचे पुढचे अंक आहेत का?"

"नाही. एवढाच."

"एकाच अंकाची अनुक्रमणिका काय करायची," ते पुटपुटले आणि दाभण मधल्या घडीत घातली, जिथे पोस्टर असायला हवं होतं तिथे.