पाण्याचा दिवस

मला ऱ्हुमॅटॉइड संधिवात होऊन आता नऊ वर्षे झाली. सांधे दुखतात हे लोकांना समजते. पण या आजारात सांध्यांच्या अस्तराला येणारी सूज साऱ्या शरीरालाच थकवते आणि तो थकवा झोपेने जात नाही, हे घरच्यांच्याही लक्षात यायला बराच काळ गेला. सकाळी तास-दीड तास बोटे मिटत नाहीत.

सोलापुरात आमच्या भागात पाणी काही दिवसांआड येते आणि पाण्याच्या दिवशी दुसरे कोणतेही जड काम काढायचे नाही, हे मी ठेच लागूनच शिकले. पूर्वी अंग जरा हलके वाटले की त्याच दिवशी पिंप घासणे, जळमटे काढणे, चादरी धुणे असे सगळे उरकून घेत असे आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढत असे. (भिजलेली सोलापुरी चादर किती जड होते, हे ज्याने ती पिळली आहे त्यालाच ठाऊक.) आता नळाला पाइप लावून पिंप भरते आणि लागेल तसे पाणी तांब्याने लहान बादलीत घेते, तीही अर्धीच. चादरी मुलगा धुतो.

वाद झाला तो भाकरीवरून. ज्वारीची भाकरी थापताना सगळा भार मनगटावर आणि बोटांच्या मुळाशी येतो, म्हणजे हा आजार बहुधा आधी गाठतो त्याच सांध्यांवर. “आता भाकरी बी इकत आणायची का?” असे सासूबाईंनी विचारले खरे, पण कडक भाकरी आठवडाभराची आणून ठेवता येते आणि सोबत शेंगाचटणी व दही असले की त्यांचीही तक्रार नसते. भाजी मी स्टुलावर बसून चिरते, पातेले न उचलता ओट्यावरून सरकवते, आणि उचलावेच लागले तर बोटांनी न धरता दोन्ही तळव्यांवर घेते. या आजारावरच्या मेथोट्रेक्सेट नावाच्या औषधाच्या, आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या शनिवारी रात्री घेते. दुसऱ्या दिवशीची मरगळ रविवारी, सगळे घरी असताना निभावते.

सर्वांत अवघड गेले ते दमण्याआधी बसणे. अर्ध्या शेंगा सोलून मी पाठ टेकते, तेव्हा शेजारच्या काकू हमखास विचारतात, “बरं नाही का?” बरे असते म्हणूनच टेकलेली असते, हे त्यांना अजून पटलेले नाही. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला मात्र त्यांच्याबरोबरच जाते. आधीचे दोन दिवस मोकळे ठेवते आणि होम मैदानावर एकच फेरी मारून परतते.