‘परसेप्शन टाका’ म्हणणं मी कसं सोडलं

आमचा डीअँडडीचा, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून गोष्ट रंगवायच्या खेळाचा, गट रविवारी दुपारी कोथरूडला एका मैत्रिणीकडे जमतो. डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारी, मी; बाकीचे एकेक पात्र खेळतात. खेळ मराठीतून चालतो आणि मोहीम एका डोंगरी गडावर आहे: देवडी, टाकी, बुरूज, चोरदरवाजा. पावसाळ्यात सिंहगड, राजगड सगळ्यांनीच केलेत, त्यामुळे "समोरचा बुरूज धुक्यात गेला" एवढं म्हटलं तरी सगळे पुढे सरसावून ऐकू लागतात. आणि नेमकं तिथेच मला म्हणावं लागायचं, "परसेप्शन टाका." म्हणजे तुमच्या पात्राच्या काही लक्षात येतंय का, ते ठरवायला वीस बाजूंचा फासा टाका.

एवढ्याने सगळं फुटतं. इथे काहीतरी दडलंय हे पात्रांच्या आधी खेळाडूंना कळतं. एकाचा फासा 4 वर थांबला की दुसरा म्हणतो, "मग मी पण बघतो." कुणाचा तरी मोठा आकडा येतोच. आणि नाहीच आला, तरी त्या दारातून कोणी पाऊल टाकत नाही.

उपाय डीअँडडीच्या 2014च्या नियमांतच होता, तो मी मनावर घेतला. पॅसिव्ह परसेप्शन, म्हणजे फासा न टाकता धरायचा आकडा: 10 अधिक त्या पात्राचा परसेप्शनचा बोनस. आमच्या रेंजरचा, म्हणजे रानावनात मुरलेल्या पात्राचा, विस्डम हा गुण 16, त्याचे 3; शिवाय परसेप्शनची प्रोफिशियन्सी, म्हणजे सराव, त्याचे 2. पहिल्या लेव्हलला तिचा आकडा 15 होतो. फायटरचा, म्हणजे लढवय्याचा, नुसता 10. हे आकडे मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते. उजेडाचाही हिशेब त्यातच होतो: मशालीचा लख्ख उजेड 20 फुटांपर्यंत, पुढचे 20 फूट अंधुक, आणि अंधुक उजेडात डोळ्यांनी टिपायचं असेल तर पॅसिव्हमधून 5 वजा. म्हणजे मशाल कुणाच्या हातात आहे याला अचानक महत्त्व आलं. मला हे फार आवडतं, कारण त्यावर पात्रंच आपापसांत वाद घालतात.

एक अडचण मात्र राहते. लपलेल्या शत्रूसाठी स्टेल्थचा, म्हणजे लपण्याचा, फासा टाकला जातो, त्यामुळे तिथे अनिश्चितता असते. सापळ्याचा डीसी, म्हणजे तो दिसायला गाठावा लागणारा आकडा, ठरलेला असतो. डीसी 15चा सापळा रेंजरला चांगल्या उजेडात दिसणारच, हे मला घरी बसूनच माहीत असतं. म्हणून आता सापळ्यासाठीही फासा मीच पडद्याआड टाकते. डीसीतून 10 वजा करायचे, उरलेले 5 हा सापळ्याचा बोनस, आणि फासा अधिक बोनस ही बेरीज पॅसिव्हच्या वर गेली तर सापळा लपलेलाच राहतो. पडद्यामागे मी अधूनमधून उगाचही फासे खुळखुळवते, म्हणजे आवाजावरून कुणी काही ताडू शकत नाही.

फासे हातातून गेले म्हणून सुरुवातीला दोघे नाराज होते, आणि ते मला पटतं. फासा टाकण्यात मजा आहेच. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या 2019च्या दुसऱ्या आवृत्तीत काही फासे खेळ चालवणाऱ्यानेच गुपचूप टाकावेत असा नियमच आहे, हे सांगून आम्ही करार केला: नकळत लक्षात येणारं ते माझ्याकडे, मुद्दाम शोधायचं ते त्यांच्याकडे.

खरी मेहनत मात्र शब्दांची आहे. "तुला सापळा दिसला" असं मी म्हणत नाही. रेंजरला सांगते, "टाक्यावर सगळीकडे शेवाळ आहे, फक्त तिसऱ्या पायरीपाशी बाजूला झालंय." निष्कर्ष तिने काढायचा. दिसतं की नाही हे आकडा ठरवतो, पण काय दिसतं ते पात्राच्या पूर्वायुष्यावर सोडते. फायटर जुना पहारेकरी आहे. त्याला शेवाळ दिसणार नाही, पण देवडीचा अडसर आतून नव्हे, बाहेरून घातलाय हे तो सहज टिपतो.

ज्या खुणेवाचून गोष्ट पुढे सरकणार नाही, ती मी कधीच फाशावर ठेवत नाही. ती सरळ देऊन टाकते.

आणि कुणी नेमकी जागा सांगितली, की फासा मागत नाही. नियमपुस्तकातलंच उदाहरण आहे: किल्ली खणातल्या कपड्यांखाली असेल आणि तुम्ही भिंतीच बघत फिरलात, तर कितीही मोठा आकडा आला तरी ती सापडणार नाही. मी याची उलट बाजूही पाळते. "जात्याची वरची तळी उचलतो," असं फायटर म्हणाला आणि चिठ्ठी तिथेच होती, तर ती त्याला मिळते. हल्ली त्यामुळे आमचे खेळाडू खोलीत शिरल्यावर आधी विचारतात, इथे काय काय आहे?